वस्तू देणे आणि वस्तू सुटणे

श्रीमद्भगवद्गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका वेळोवेळी उद्भवते. भगवंतांनी आसक्ती सोडण्यास सांगितले आहे. परंतु घर, भूमी, वाहन, वस्त्रपात्र यांच्यावाचून संसार चालत नाही, आणि जी वस्तू वर्षानुवर्षे उपयोगी पडली तिच्याविषयी मनात प्रेम उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही. मग हे प्रेम दोष समजावे काय? आणि तशी वस्तू हातची जाण्याची वेळ आली असता गृहस्थाने कसे वागावे? या शंकेचा विचार केवळ शब्दांनी करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधारे करणे अधिक हिताचे होईल, असे वाटल्यावरून पुढील मजकूर वाचकांपुढे ठेवीत आहे.

लखनौचे चारबाग स्थानक पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. १९१४ साली पायाभरणी झालेली ती लाल-पांढरी घुमटांची इमारत आजही प्रवाशांचे लक्ष वेधून घेते. चार बागांवरून त्या भागास हे नाव पडले. आता तेथे रुळांचे जाळे आणि माणसांची गर्दी आहे. बागा गेल्या, नाव तेवढे राहिले. या स्थानकाच्या फलाटावर एका सकाळी आमचे एक वृद्ध स्नेही मला अकस्मात भेटले. मूळचे महाराष्ट्रातले, परंतु नोकरीनिमित्त लखनौस येऊन तेथेच स्थायिक झालेले. हातात पिशवी नाही, सामान नाही. सदऱ्याच्या खिशावर मात्र उजवा हात घट्ट ठेवलेला. "काका, इतक्या सकाळी कोठे?" असे मी विचारले. ते म्हणाले, "कानपुरास जातो, शास्त्रीबुवा. एक किल्ली द्यायची राहिली आहे."

त्या किल्लीची हकीकत अशी. काकांनी २००३ साली एक मोटार घेतली होती. फियाट कंपनीची पालियो, १६०० सीसीच्या इंजिनाची, सुमारे १०० अश्वशक्तीची. आजच्या काळात हा आकडा कोणास मोठा वाटणार नाही. परंतु त्या वेळी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आवाक्यातील छोट्या गाड्यांमध्ये एवढे बळ क्वचितच आढळे. काकांना लहानपणापासून यंत्राची आवड. दर रविवारी पहाटे ते स्वहस्ते ती मोटार धूत, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत, आणि त्यात किंचित फरक पडला तरी दुपारपर्यंत त्याचे कारण शोधून काढीत. त्याच मोटारीतून मुलगी परीक्षेस गेली, पुढे सासरी गेली. त्याच मोटारीतून वडिलांना शेवटच्या आजारात रुग्णालयात नेले. २०१६ साली आग्रा-लखनौ द्रुतगती मार्ग खुला झाला, तेव्हा काका पत्नीस शेजारी बसवून मथुरा-वृंदावनास जाऊन आले. तो प्रवास सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. त्या प्रकारच्या गाड्यांचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे लोटली. एखादा लहानसा भाग हवा झाला तरी दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात खेपा घालाव्या लागत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पहिली वाढ २०१८ साली झाली. २०२३ साली पुन्हा ती वेळ आली, तोवर काकांचे गुडघे क्लच दाबू देईनात. सहा-सहा महिने मोटार अंगणात आच्छादनाखाली उभी राहू लागली. शेवटी विकण्याचे ठरले. कानपुरातील एक तरुण, स्वतःचा लेथचा लहानसा कारखाना असलेला, पाहावयास आला. त्याने बोनेट उघडण्यापूर्वीच नुसत्या आवाजावरून इंजिनाची स्तुती केली, आणि काकांनी मनात म्हटले की स्थळ योग्य मिळाले.

येथे पहिली कसोटी आली. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इंजिन एकदा फार तापून त्याचे वरचे डोके खोलावे लागले होते. दुरुस्ती चांगली झाली होती, आणि पाहणाऱ्यास तिचा मागमूसही दिसत नव्हता. सांगावे तर किंमत उतरणार. शिवाय लाडक्या वस्तूतील उणे परक्यापुढे उघडे करणे जिवावर येणार. महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीच्या तुलाधार नामक व्यापाऱ्याची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी त्याच्याकडे धर्म शिकण्यास जातो, आणि तराजू हाती घेऊन बसलेला तो वाणी त्यास सर्व भूतांविषयी समभावाचा उपदेश करतो. आपली वस्तू विकताना गृहस्थ हा क्षणभर तुलाधाराच्याच आसनावर बसलेला असतो. काकांनी सर्व काही सांगितले. तरुणाने किंमत बारा हजारांनी कमी केली. काका म्हणतात, "त्या रात्री मला गाढ झोप लागली." व्यवहारातील सत्य आणि मनाची स्वस्थता यांचा संबंध याहून सोप्या रीतीने कोण सांगू शकेल?

पैसे हाती आले, मोटार गेली. परंतु खरी कथा येथूनच आरंभ होते. काका दर आठवड्यास त्या तरुणास दूरध्वनी करू लागले. तेल पाहिले काय, उतारावर न्यूट्रल तर करीत नाही ना, धुताना खारे पाणी तर वापरत नाही ना. तरुण प्रथम आदराने उत्तरे देई. पुढे पुढे तो दूरध्वनी उचलण्याचे टाळू लागला. मालकी बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात द्यावयाचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने काकांनी सह्या न करताच कपाटाच्या खणात ठेवले होते. "करू, काय घाई आहे," असे म्हणता म्हणता पाच महिने गेले. आणि मोटारीची दुसरी किल्ली त्यांनी दिलीच नव्हती. ती देवघरातील चांदीच्या डबीत, अक्षतांच्या शेजारी ठेवली होती.

हे सर्व त्यांनी स्वतःच मला पूर्वी एकदा सांगितले होते, आणि विचारले होते, "शास्त्रीबुवा, मोटार दिली, तरी मन मोकळे का होत नाही?" संस्कृत ग्रंथांचे मराठी करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला त्या वेळी व्याकरणातील एक गोष्ट आठवली. 'देणे' या क्रियेचे जे पात्र, त्यास संस्कृतात चतुर्थी विभक्ती लागते. ब्राह्मणास गाय दिली, तेथे चतुर्थी. परंतु धोब्याकडे वस्त्र दिले, तेथे वैयाकरण चतुर्थी मान्य करीत नाहीत. तेथे षष्ठी योजावी असे म्हणतात. का? तर वस्त्र धोब्याच्या हाती गेले खरे, परंतु ते परत यावयाचे आहे. आपले स्वामित्व त्यावरून उठलेले नाही. धर्मशास्त्रकारांनीही दानाचे लक्षण करताना दोन अंगे सांगितली आहेत: आधी आपले स्वत्व निवर्तले पाहिजे, मग दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे. विक्री हे काही दान नव्हे, तेथे मूल्य घेतलेले असते. पण स्वत्व सोडण्याचे पहिले अंग तिलाही चुकत नाही. मी काकांना म्हटले, "काका, क्षमा करा, पण आपण मोटार विकली नाही, धोब्याकडे दिली आहे."

ही केवळ शाब्दिक कोटी नव्हे. लौकिक कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहन विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत हस्तांतराची खबर नोंदणी अधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वाहन प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती गेले असले तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय, आणि अपघात झाल्यास भरपाईचे दायित्व त्याच्यावर येते. विचार करा: मोटार कानपुरात, चालवणारा दुसरा, आणि भार लखनौत घरी बसलेल्या वृद्धावर! भोग संपला, परंतु बंधन उरले. नोंदवहीतील नावाची जी कथा, तीच अंतःकरणातील ममत्वाची. जोपर्यंत 'माझे' ही नोंद मनात पुसली जात नाही, तोपर्यंत वस्तू कोठेही असो, तिची बरी-वाईट गती आपल्यालाच सुख-दुःख देत राहते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात श्रीकृष्ण युधिष्ठिरास सांगतात की 'मम' हा दोन अक्षरी शब्द मृत्यू होय, आणि 'न मम' हा तीन अक्षरी शब्द शाश्वत ब्रह्म होय. यज्ञात प्रत्येक आहुतीबरोबर यजमान हेच तीन अक्षरी सत्य उच्चारतो. अग्नीत पडलेले तूप तो पुन्हा मागत नाही, ते नीट जळते की नाही हे विचारण्यास दुसऱ्या दिवशी जात नाही.

या ठिकाणी कोणी म्हणेल, "सामान्य माणसाचे सोडा, थोरांनाही असे मोह पडतात." पडतात, हे खरेच आहे, आणि शास्त्राने ते लपवले नाही. अर्जुनाच्या रथाएवढे समर्थ वाहन कोणाचे होते? खांडवदाहाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून तो दिव्य रथ आणि गांडीव धनुष्य अर्जुनास मिळवून दिले. अठरा दिवसांचे युद्ध त्या रथावरून झाले. युद्ध संपल्यावर शिबिरात आल्यावर भगवंत अर्जुनास म्हणाले, आधी तू खाली उतर, मग मी उतरतो. नित्याचा क्रम उलटा होता, तरी अर्जुनाने ऐकले. भगवंत उतरताच ध्वजावरील कपी अंतर्धान पावला आणि तो रथ पाहता पाहता पेटून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळून गेला होता. भगवंत बसले होते म्हणूनच तो उभा होता. हे शल्यपर्वातील वर्णन आहे. आपण ज्यास आपल्या वाहनाचे बळ म्हणतो ते कोणाचे असते, हे या कथेत स्पष्ट झाले आहे.

परंतु पुढील भाग फारसा सांगितला जात नाही. रथ गेला, गांडीव राहिले. श्रीकृष्णांच्या निजधामास गेल्यानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन येताना अर्जुनास ते धनुष्य मोठ्या कष्टाने चढवता आले, अस्त्रे आठवली नाहीत, आणि आभीरांनी डोळ्यांदेखत लूट केली. धनुष्याचे कार्य संपले होते. तरीही महाप्रस्थानाच्या वेळी, राज्य सोडून, वल्कले नेसून हिमालयाकडे निघालेल्या अर्जुनाने गांडीव मात्र सोडले नव्हते. त्या रत्नाच्या लोभाने ते त्याच्या खांद्यावर होते, असे व्यासांनी स्पष्ट म्हटले आहे. शेवटी अग्नी पर्वतासारखा मार्गात उभा राहिला आणि म्हणाला, जे वरुणाकडून आणले ते वरुणास परत कर. तेव्हा अर्जुनाने ते धनुष्य आणि अक्षय भाते पाण्यात टाकले, आणि मग वाट मोकळी झाली. ज्याने साक्षात भगवंतांच्या मुखातून गीता ऐकली त्याच्याही हातून एक वस्तू सुटता सुटली नाही! यातून निराश होण्याचे कारण नाही. उलट आपल्या दुर्बलतेची लाज न बाळगता ती ओळखावी, असा धीर यातून मिळतो.

आता मूळ शंकेकडे वळू. उपयोगी वस्तूवर प्रेम करणे हा दोष आहे काय? आपल्या महाराष्ट्रात खंडेनवमीस शस्त्रांची व हत्यारांची पूजा होते, दसऱ्यास वाहनास झेंडूची माळ घालतात. शेतकरी पोळ्यास बैलाच्या पाया पडतो. ज्या साधनाने आपले काम झाले त्याविषयी कृतज्ञता बाळगणे हा धर्मच होय. परंतु कृतज्ञता आणि ममता या दोहोंचे रूप दुरून सारखे दिसले तरी त्यांची परीक्षा करता येते. जी वस्तू आपली होती ती आता दुसऱ्याच्या सुखास कारण होते आहे, हे पाहून आनंद झाला तर ती कृतज्ञता. तीच गोष्ट पाहून आत कोठेतरी टोचले, 'त्याला माझ्यासारखी सांभाळता येणार नाही' असे वाटले, तर ती ममता. काकांचे दूरध्वनी काळजीचे भासत होते. परंतु त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले की, तरुणाने 'गाडी उत्तम चालते' असे सांगितले की आपल्याला थोडे वाईटच वाटे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे विषय नियत कर्माच्या त्यागाचा आहे. तथापि तेच माप वस्तूच्या त्यागासही लावून पाहता येते. मोहाने वस्तू ना वापरायची ना द्यायची, अंगणात आच्छादनाखाली गंजू द्यायची, हा तामस प्रकार. दुरुस्तीचा खर्च आणि गुडघ्यांचा त्रास चुकावा एवढ्यासाठीच ती देऊन टाकायची, हा राजस प्रकार. त्यात देहास विश्रांती मिळते, पण मन सुटत नाही. आणि हिचे आपल्याकडील काम झाले, आता ज्याला उपयोग आहे त्याच्याकडे ती जावी, असे कर्तव्य म्हणून, संग आणि फळ दोन्ही सोडून देणे, हा सात्त्विक प्रकार. बाहेरून तिन्हीत मोटार अंगणातून नाहीशी होते. परंतु आतील परिणाम सर्वस्वी वेगळे.

"पण वस्तूबरोबर आठवणीही जातात," असे काका म्हणत. हा भ्रम होय. क्रीडाक्षेत्रातील एक सर्वज्ञात उदाहरण पाहा. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी कसोटी सामन्यांत २९ शतके करून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्या गौरवार्थ त्यांना फेरारी ३६० मोडेना ही सुमारे ४०० अश्वशक्तीची अतिवेगवान मोटार भेट मिळाली. शर्यतवीर मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. २०११ साली ती मोटार सुरतेतील एका व्यावसायिकाकडे गेली. मोटार गेली म्हणून त्या २९ शतकांतील एकही धाव कमी झाली नाही. इतकेच नव्हे, तर त्यांचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक मार्च २०१२ मध्ये झाले, म्हणजे ती मोटार हातची गेल्यानंतर. कर्म वस्तूत साठवलेले नसते. मुलीस परीक्षेस नेले, वडिलांची सेवा केली, हे पुण्य काकांचेच आहे. ते पत्र्यात आणि रबरात नव्हते, म्हणून पत्रा आणि रबर यांच्याबरोबर ते जाणारही नाही.

दिल्याने वस्तू कशी वाढते याचे उदाहरण तर लखनौतच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. संगीतासाठी वकिली बाजूस ठेवून ते देशभर हिंडले. ज्या काळी घराण्यातील चिजा जिवापाड झाकून ठेवल्या जात, त्या काळी त्यांनी त्या मिळवल्या, लिहिल्या आणि छापून सर्वांपुढे ठेवल्या. १९१० सालचा आपला संस्कृत ग्रंथ त्यांनी स्वतःच्या नावाने न काढता 'चतुर पंडित' या नावाने काढला. १९२६ साली लखनौस त्यांच्या प्रयत्नाने संगीताचे महाविद्यालय स्थापन झाले. आज त्याचे विद्यापीठ झाले असून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्यांनी चिजा झाकून ठेवल्या त्यांतील कित्येकांच्या चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या. ज्याने आपले नावही मागे ठेवले, त्याचे नाव लोकांनी पुढे आणले. अर्थात ते मिळावे म्हणून त्यांनी दिले नव्हते, हेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

तात्पर्य, गृहस्थाने कोणतीही प्रिय वस्तू देताना काही गोष्टी सांभाळाव्यात. तिच्यातील उणे लपवू नये. तिचे कागदपत्र त्वरित आणि पूर्ण करावेत, कारण अर्धवट हस्तांतर हे मनाच्या अर्धवट त्यागाचेच बाह्य चिन्ह असते. निरोप देताना तिच्याविषयी भगवंतांपुढे कृतज्ञता व्यक्त करावी, डोळ्यांत पाणी आले तरी संकोच मानू नये. आणि एकदा दिल्यावर विचारपूस आपणहून करू नये. घेणाऱ्याने विचारले तर मात्र आपला सर्व अनुभव मोकळेपणाने द्यावा. याच रीतीने पुढे अधिकार, घराचा कारभार, मुलांवरील हुकमत हेही क्रमाक्रमाने सोडण्याचा अभ्यास होतो. कठोपनिषदात शरीरास रथ आणि आत्म्यास रथी म्हटले आहे. लहान रथ सोडण्याचा ज्याने अभ्यास केला, त्यास हा मोठा रथ सोडताना फार ओढाताण होत नाही.

काकांनी त्या आठवड्यात दोन्ही नमुन्यांवर सह्या करून ते पाठवून दिले होते. राहिली होती ती किल्ली. टपालाने पाठवता आली असती. परंतु ती स्वहस्ते द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. चारबागहून कानपूर अवघ्या सव्वा-दीड तासांचा प्रवास. ज्या रस्त्याने ते वीस वर्षे स्वतः गाडी हाकत गेले, तिकडे त्या दिवशी ते दुसऱ्या वर्गाच्या डब्यात, खिडकीशी बसून निघाले. गाडी हलताना मी खिडकीपाशी जाऊन विचारले, "काका, तेथे पोहोचल्यावर मोटार एकदा चालवून पाहणार काय?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "त्याने म्हटले, तर त्याच्या शेजारी बसेन."

सायंकाळी परतल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की, तरुणाच्या चार वर्षांच्या मुलीने ती किल्ली हातात घेतली आणि परत देईना. काकांच्या देवघरातील चांदीच्या डबीत आता केवळ अक्षता आहेत.

जे मिळाले ते आपण दिलेले, जे गेले ते आपल्याकडेच परतलेले, आणि मध्यंतरीच्या काळात त्याचा सदुपयोग करण्याची संधी हीच आमची मिळकत, अशी बुद्धी भगवंतांनी आम्हां सर्व गृहस्थांना द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.